पुसा-सांगा : बोटीत बसलात की आधी पूल बघा

प्रश्न : येत्या मे महिन्यात आम्ही दोघं ग्रुप टूरबरोबर युरोपला निघालोय. बारा दिवसांत पॅरिसच्या वाट्याला दीड दिवस. त्यात ‘सीन रिव्हर क्रूझ, एक तास’ असं छापलंय. शेजारच्या ताई गेल्या वर्षी जाऊन आल्या, त्या म्हणतात, “नुसतं बसायचं नि कानाला यंत्र लावून ऐकायचं. त्यापेक्षा तेवढा वेळ खरेदीला काढा.” टूरवाले वर आणखी पैसे भरून जेवणाची बोट घ्या म्हणतात. माझे गुडघे दुखतात. एका तासात शहर दिसतं का हो? आणि दिवसा जावं की रात्री?
– एक निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग, सांगली

उत्तर : बाई, नमस्कार. खरेदी हरभट रोडवरही होते. बोट सोडू नका.

एका तासात शहर कुठलं दिसायला! पण शहर कुठं सुरू झालं आणि कुठल्या बाजूला वाढत गेलं, हे बसल्या जागी कळतं. दीड दिवसात बसमधून तुम्हाला आयफेल टॉवर दिसेल, लूव्रचं संग्रहालय दिसेल, एखादं चर्च दिसेल, आणि घरी आल्यावर फोटो लावताना कशाच्या शेजारी काय होतं ते आठवणार नाही. नदी हे सगळं एका दोऱ्यात ओवून देते. आपल्या गावात नाही का, सरकारी घाटावर उभं राहिलं की गणपती मंदिर, गावभाग, आयर्विन पूल, पलीकडं सांगलवाडी, सगळं आपापल्या जागी बसतं. तसंच.

आता माझी खोड सांगतो, मग पुढचं कळेल. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. पावसाळ्यात आमच्या कचेरीतला फोन एकाच प्रश्नासाठी वाजायचा : “आयर्विनला किती?” ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. सांगलीच्या माणसाला स्वतःच्या रक्तातली साखर सांगता येणार नाही, पण हे दोन आकडे झोपेतसुद्धा सांगेल. त्यामुळं कुठल्याही नदीवर गेलो की माझी नजर आधी पुलाच्या खांबावर जाते.

आम्ही पहिल्यांदा पॅरिसला गेलो ते २०१८ च्या जानेवारीत. जावई तेव्हा तिथं कामाला होते आणि त्या दिवसांत तिकीट स्वस्त. उतरलो, आणि कळलं की नदीला पूर आलाय आणि बोटी बंद. आमची ही धक्क्यावरची साखळी आणि पाटी बघून म्हणाली, “पूर बघायला एवढं लांब कशाला आणलंत? घरी फुकट दिसतो.”

पण मला तो दिवस पावला. आल्मा नावाच्या पुलाखाली, खांबाला लागून, एका शिपायाचा दगडी पुतळा आहे. झुआव म्हणतात त्याला. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली आल्मा नदीवर लढाई झाली, तिच्या नावाचा हा पूल आणि तिथं लढलेल्या पलटणीतला हा शिपाई. सरकारी मोजमाप वरच्या अंगाला ऑस्टरलिट्झच्या पुलावर होतं, पण पॅरिसचं पब्लिक पाणी मोजतं ते या शिपायावर. पाय भिजले म्हणजे नदी वर आली. मांडीला लागलं म्हणजे काळजी. आम्ही गेलो तेव्हा मांडीला लागलं होतं. कठड्यावर ही गर्दी, मोबाईल खाली रोखलेले, बापाच्या खांद्यावर पोरं. मला क्षणभर वाटलं, आत्ता मागून कुणीतरी “वो सर, उतरतंय का चढतंय?” म्हणणार.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. भाषा येत नाही, पण त्यांनी आपल्याच खांद्यावर हात ठेवला आणि बोटानं हवेत आकडा काढला : १९१०. त्या साली पाणी शिपायाच्या खांद्याला लागलं होतं. मोजपट्टीवर ८.६२ मीटर. भुयारी रेल्वेत पाणी शिरलं होतं. २०१८ चा आकडा ५.८५ वर थांबला. मीही मग हवेत आपल्या सांगलीच्या महापुराचं साल लिहिलं, २००५, आणि माझ्या डोक्यावर हात धरून दाखवला. दोघंही मान हलवून हसलो. पुढच्याच वर्षी ऑगस्टात आपल्याकडं आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं. हात धरायला डोकं पुरलं नसतं.

पूर आला की बोटी बंद का करतात, हे टूरवाला नीट सांगणार नाही म्हणून सांगतो. जोर हे एक कारण, पण मोठं कारण पुलाच्या कमानी. शहरात पूल तीसच्या वर आहेत, जुन्यांच्या कमानी ठेंगण्या. पाणी दोन-तीन मीटर चढलं की बोटीचं डोकं कमानीला लागतं. एरवी ही नदी आपल्यासारखी उन्हाळ्यात हाडं काढत नाही. शहराच्या खालच्या अंगाला सुरेन इथं बंधारा आणि त्याला बोटी वर-खाली करायला दारांची पाणपेटी (लॉक) आहे, त्यामुळं पॅरिसमध्ये पाण्याची उंची जवळजवळ सारखी राहते. आपल्या म्हैसाळच्या बंधाऱ्याचं थोरलं भावंड म्हणा. वरच्या अंगाला चार मोठे जलाशय आहेत, त्यांत मिळून साधारण ८० कोटी घनमीटर पाणी मावतं. हिशेब केला तर २८ टीएमसीच्या आसपास. आपल्या एकट्या कोयनेचे १०५. (अलमट्टीचा विषय इथं काढत नाही, संपादक पान वाढवून देत नाहीत.) तुम्ही मे महिन्यात जाताय, तेव्हा बोट बंद पडण्याची भीती फारशी नाही. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी मात्र आदल्या दिवशी पाणी विचारून घ्यावं.

दुसऱ्यांदा गेलो २०२३ च्या मे महिन्यात, तेव्हा बोट मिळाली. तर नोत्र दामचं चर्च बंद! १५ एप्रिल २०१९ ला ते जळालं, आम्ही गेलो तेव्हा कळसाच्या जागी क्रेन आणि चहूकडून परांची. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं, तुम्हाला धड दिसेल. आमच्या वाट्याला दोन फेऱ्यांत मिळून एक अख्खं शहर आलं म्हणायचं.

आता काय बघायचं ते. बोट बहुतेक वेळा आयफेलच्या पायथ्याहून किंवा आल्माच्या पुलाजवळून सुटते. दोन बेटांना वळसा घालून परत त्याच धक्क्याला लागते. बेटं म्हणजे मूळ गाव. शहर तिथून दोन्ही काठांनी पसरलं, म्हणजे तुम्ही नव्याकडून जुन्याकडं जाता. १८८९ चा लोखंडी मनोरा मागं पडतो, मग १९०० चा तिसऱ्या अलेक्झांडरचा पूल येतो. सगळे त्यावरचे सोनेरी घोडे बघतात. तुम्ही खालून कमान बघा. शंभर मीटरच्या वरची पोलादी कमान, नदीत एकही खांब नाही, आणि उंची इतकी बेतलेली की वरून शहराचा देखावा अडत नाही. मी तिच्याखालून जाताना टोपी काढली, हिनं ती वाऱ्यात उडेल म्हणून लगेच परत घातली.

पुढं कॉन्कॉर्डचा पूल. बॅस्टिलचा तुरुंग पाडला, त्याचे दगड या पुलाला लावले. मग डाव्या काठाला, म्हणजे जाताना तुमच्या उजव्या हाताला, एक लांबलचक इमारत आणि तिच्यावर दोन मोठाली घड्याळं. ते मूळ रेल्वे स्टेशन, १९०० च्या प्रदर्शनासाठी बांधलेलं. १९८६ पासून ऑर्से संग्रहालय. समोरच्या काठाला लूव्र सुरू होतं ते संपता संपत नाही.

बेटाच्या टोकावर येतो तो पाँ नफ. नावाचा अर्थ ‘नवा पूल’ आणि शहरातला सगळ्यात जुना तोच, १५७८ ला सुरू होऊन १६०७ ला पुरा झालेला. हसू नका, पुण्यात १९२३ चा शिवाजी पूल अजून ‘नवा पूल’च आहे. त्या काळी पुलांवर दोन्ही बाजूंनी घरं बांधायची रीत होती, यावर ती बांधली नाहीत, म्हणून पुलावरून नदी दिसू लागली. तेच त्याचं नवेपण. कठड्याखाली दगडी मुखवट्यांची रांग आहे, शेकड्यांनी, एकासारखा दुसरा नाही. बोट कमानीखाली शिरायच्या आधी मान वर करा, नंतर अंधार. बेटावरच टोकदार बुरुजांची जुनी कचेरी दिसते, राणी मारी आंत्वानेतला शेवटचे दिवस ठेवलं ती कोठडी तिथली.

हे सगळं कानातल्या यंत्रातही सांगतात, पण इमारत मागं गेल्यावर सांगतात. शेजारच्या ताईंचा वैताग मला समजतो. यंत्र घ्यायचं आणि मांडीवर ठेवायचं.

वेळ. मे महिन्यात तिथं सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, महिनाअखेरीस त्याहून उशिरा. तेव्हा टूरवाल्यानं आठची बोट ‘नाइट क्रूझ’ म्हणून गळ्यात मारली तर फसू नका, आठला लख्ख ऊन असतं. जमलं तर नऊच्या सुमाराची मागा. जाताना दगड उन्हात पिवळे दिसतात, येताना दिवे लागतात. अंधार झाल्यावर आयफेल दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं चमचमतो, तो बोटीतून दिसला तर घड्याळ जुळलं म्हणायचं. ग्रुपबरोबर वेळ आपल्या हातात नसते, हे मला माहीत आहे. दिवसाची मिळाली तरी वाईट नाही, पुलांचे दगड दिवसाच वाचता येतात.

जेवणाची बोट घेऊ नका. काचेच्या आत बसायचं, मान ताटात, आणि सूप येईपर्यंत लूव्र निघून जातं. साध्या बोटीचं तिकीट साधारण पंधरा ते वीस युरो असतं, तुमचं तर टूरमध्येच धरलंय. उरलेल्या पैशांत दोघांनी काठावर बसून कॉफी घ्या.

गुडघ्यांचं म्हणाल तर बोटीत काहीच त्रास नाही. त्रास धक्क्यावर. रस्ता वर, धक्का खाली, आणि मधे कुठं उतार तर कुठं दगडी पायऱ्या. टूर मॅनेजरला आधीच सांगून ठेवा, “मला उताराच्या वाटेनं न्या.” बोटीतही वरच्या डेकवर जायला जिना असतो, अरुंद. तो मात्र चढा, एकदाच चढायचाय. वर वारा झोंबतो, शाल आणि कानाला काहीतरी. डावी बाजू की उजवी, यावरून आपले लोक भांडतात ते बघवत नाही. बोट गेली त्याच पाण्यानं परत येते, दोन्ही काठ दोन्ही हातांना मिळतात.

आणि हो, ती ‘सीन’ नाही, तिथं ‘सेन’ म्हणतात. सीना आपली, नगरहून निघून सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळणारी.

प्रश्न : मला बस लागते, लाल डब्यात आटपाडीपर्यंतसुद्धा. अशा बोटीत काय होईल? आणि सोबत भडंग नेलं तर चालतं का?
– एक वाचक, कवठेमहांकाळ

उत्तर : काही होणार नाही. नदीतली बोट समुद्रासारखी डुलत नाही, आणि शहरातून ती सावकाश जाते. मोठी बोट शेजारून गेली की एक हेलकावा बसतो, एवढंच. तरी मधोमध बसा, आणि मोबाईलच्या पडद्यात बघत राहू नका. मळमळ निम्म्यानं त्याचीच असते.

भडंग न्याच. पण वरच्या डेकवर पुडा उघडू नका. मी उघडला होता. निम्मं भडंग माझ्या तोंडात, निम्मं मागच्या जपानी बाईंच्या केसात. त्या वाकून नमस्कार करत होत्या आणि मीही करत होतो, लसणाच्या पाकळीसकट.

प्रश्न : आईला (वय ७८) काशीला न्यायचंय. तिची एकच इच्छा, गंगेतून नावेत बसून घाट बघायचे. पहाटे न्यावं की संध्याकाळी आरतीला? नावाडी लुबाडतात म्हणतात. ऑगस्टात माझी सुट्टी आहे.
– एक वाचक, तासगाव

उत्तर : सुट्टी बदला.

ऑगस्टात गंगा चढलेली असते. काशीला धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर, समुद्रसपाटीपासून धरलेली. १९७८ साली पाणी ७३.९०१ पर्यंत गेलं होतं. पातळी वाढली की प्रशासन नावा बंद करतं, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्यावर चालत जाता येत नाही, आरतीसुद्धा गच्चीवर हलते. आईंना एवढ्या लांब नेऊन खिडकीतून पाणी दाखवणार का? कार्तिकानंतर न्या. थंडी सोसत असेल तर नोव्हेंबर, नसेल तर फेब्रुवारीचा शेवट.

पहाटेच. गंगा काशीत उत्तरेकडं वाहते आणि सगळे घाट पश्चिम काठावर, म्हणजे तोंड उगवतीला. सूर्य समोरच्या मोकळ्या वाळवंटावर येतो आणि पहिलं ऊन पायऱ्यांवर पडतं. चौऱ्याऐंशी घाटांचा तो सगळा उतार उजळत जाताना बघायला नाव पाण्यात हवी, काठावरून ते दिसत नाही. संध्याकाळच्या आरतीला नावा एकमेकींना खेटून उभ्या असतात, मधूनच कुणी चहावाला या नावेतून त्या नावेत उडी मारतो. पोरांना मजा वाटते. ७८ वर्षांच्या बाईला त्यात बसवू नये. आरती काठावर खुर्ची मागून दाखवा.

आईंना अस्सी घाटाहून बसवा आणि नावाड्याला पंचगंगा घाटापर्यंत न्यायला सांगा. बहुतेकजण दशाश्वमेधला नाव फिरवतात, मणिकर्णिकेपर्यंत फार तर. पण पुढंच आपलं माणूस भेटतं. दशाश्वमेधाच्या अलीकडं अहिल्याबाईंचा घाट. मणिकर्णिकेला चिता जळत असतात, तिथं मोबाईल खिशात घालायचा, हात जोडायचे. त्याला लागून शिंद्यांचा घाट, तिथं एक देऊळ पाण्यात कललेलं उभं आहे, आईंना ते नक्की दाखवा. मग नागपूरकर भोसल्यांचा घाट. आणि पंचगंगेवर बिंदुमाधव. मूळ देऊळ औरंगजेबाच्या काळात पडलं, त्या जागी मशीद उभी राहिली. आजचं बिंदुमाधवाचं देऊळ बांधलं औंधच्या पंतप्रतिनिधींनी. तासगावहून औंध किती लांब? विटा ओलांडलं की आलंच. आई यमाईला गेल्या असतील तर नावेत त्यांना हे सांगा, मग बघा घाटाकडं कशा बघतात.

पायऱ्या उंच आहेत. अस्सीला नावेपर्यंत पोचणं त्यातल्या त्यात सोपं. नाव ठरवताना भाव माणशी की अख्ख्या नावेचा, कुठून कुठवर, परत आणून सोडणार की नाही, एवढं बसण्याआधी बोलून घ्या आणि पैसे उतरल्यावर द्या. घासाघीस जरूर करा, पण पन्नास रुपयांसाठी पहाट घालवू नका. आणि लाइफ जॅकेट मागा, दोघांसाठी. नावाडी हसेल, “गंगामैया है” म्हणेल. म्हणू दे. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला नाव उलटली, तेव्हापासून मी या एका गोष्टीवर कुणाशी वाद घालत नाही, सरळ उतरून जातो.

प्रश्न : सर, जगभर नदीतून शहर दाखवतात, मग आपल्या सांगलीत का नाही? कृष्णा काय कमी आहे का?
– एक विद्यार्थी, मिरज

उत्तर : कृष्णा कमी नाही रे बाबा, शेरीनाला जास्त आहे. शहराचं सांडपाणी त्याच नाल्यातून नदीत येतं. वास आला की बोटीतला पाहुणा आधी नाकाला रुमाल लावणार, मग कॅमेरा काढणार.

पण निराश होऊ नकोस. सेन नदीत पोहायला १९२३ मध्ये बंदी घातली ती घाणीपायी. ऑलिम्पिकच्या निमित्तानं त्यांनी ऑस्टरलिट्झ स्टेशनाजवळ जमिनीखाली ५०,००० घनमीटरची टाकी बांधली. जोराचा पाऊस झाला की मैलापाणी नदीत न जाता आधी तिच्यात थांबतं. २०२४ च्या जुलैत उद्घाटनाला खेळाडू मैदानातून नाही, नदीतून बोटींनी आले. आणि २०२५ च्या जुलैत तीन ठिकाणी लोकांना पोहायला पाणी उघडलं. शंभर वर्षं गेली मधे. तू सिव्हिलला आहेस का? असशील तर ती टाकी शोधून वाच.

दुसरी अडचण पाण्याची. आपली नदी ऑगस्टात कुणाला बसू देत नाही आणि एप्रिलमध्ये बंधाऱ्याच्या फुगवट्यापुरती उरते. मधले चार महिने मिळतात. त्या चार महिन्यांत बोट निघालीच, तर हरिपूरहून निघावी, संगमेश्वराच्या खालून. वारणा कृष्णेला मिळते तिथं दोन पाण्यांचे दोन रंग काही अंतर वेगळे चालतात, आम्ही लहानपणी होडीतून त्या रेघेवर हात बुडवून बसायचो. तिथून वर यायचं, मळ्याच्या बाजूनं, माई घाट, सरकारी घाट, आणि शेवट आयर्विनखाली. १९२९ चा पूल, दगडी कमानी, खालून अजून कुणी धड बघितलेला नाही. सगळे वरून जातात.

तोवर एक कर. पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती लागतात, तेव्हा वल्ह्यांचा ठेका आणि काठावरची बोंब ऐकायला ये. पुलावर गर्दी असते. सगळे होड्यांकडं बघत असतील आणि एकच म्हातारा कठड्यावरून खाली वाकून खांबावरचा आकडा वाचत असेल. तिथं ये, पुढचं तिथंच बोलू.